लाल पट्टे रुंद, हिरवे अरुंद : दोन फटींच्या प्रयोगात रंग नेमकं काय करतो?

चांदणचुरा

मंडळी, चार दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. लेकीला प्रकाशाचं व्यतिकरण (दोन लाटा एकमेकींवर पडून कुठे उजेड, कुठे अंधार होणं) शिकायचं आहे, म्हणून घरीच दोन फटींचा प्रयोग मांडला. फटींची तयार काचपट्टी मिळाली. दोन फटींमधलं अंतर ०.२५ मिलीमीटर, प्रत्येक फट ०.०५ मिलीमीटर रुंद. पडदा बरोबर दोन मीटरवर.

लाल लेझर लावला (तरंगलांबी, म्हणजे एका लाटेची लांबी, ६५० नॅनोमीटर). पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे उमटले. मधल्या भागात पट्ट्यांमधली आठ अंतरं मिळून ४१.५ मिमी आली, म्हणजे एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत साधारण ५.२ मिमी. बाकी काहीही न हलवता हिरवा लावला (५३२ नॅनोमीटर). तीच आठ अंतरं ३४ मिमीत बसली.

इथवर ठीक. पण लेक म्हणाली, "बाबा, लोलकातून जांभळा जास्त वळतो आणि लाल कमी. मग इथे लाल जास्त कसा पसरला? प्रकाश तोच, रंग तेच, मग नियम उलटा का?"

मला उत्तर देता आलं नाही. सूत्र माहीत आहे, पण सूत्राने तिचं समाधान होत नाही आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. कुणी नीट उलगडून सांगेल का?

एकरेघी

पट्ट्यांतलं अंतर = तरंगलांबी × पडद्याचं अंतर ÷ फटींमधलं अंतर. लालची तरंगलांबी जास्त, म्हणून अंतर जास्त. विषय संपला.

चांदणचुरा

एकरेघी, तेच सूत्र आम्ही वापरलं आणि मापं चोख जुळली. ४१.५ ला ३४ ने भागलं तर १.२२ येतं, ६५० ला ५३२ ने भागलं तरी १.२२. हे पाहून लेक तर उड्याच मारायला लागली होती. पण "असं का" हा प्रश्न अजून तिथेच आहे.

काजवा

मी प्रयत्न करतो. सूत्र बाजूला ठेवा आणि पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवा.

बोट बरोबर मध्यावर असेल तर दोन्ही फटींपासूनचं अंतर सारखं. दोन्हीकडून आलेल्या लाटा एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. त्यामुळे मध्यावर उजेड. लाल असो, हिरवा असो, मध्य सगळ्यांचा एकच. हे आधी मनात पक्कं करा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता बोट हळूहळू उजवीकडे सरकवा. डावी फट लांब पडायला लागते, उजवी जवळ. दोन वाटांच्या लांबीत फरक पडतो आणि बोट जितकं सरकेल तितका तो वाढत जातो. तुमच्या मांडणीत मध्यापासून ५.२ मिमीवर हा फरक ६५० नॅनोमीटर होतो. लाल लाटेची लांबी नेमकी तेवढीच! म्हणजे एक लाट दुसरीच्या बरोबर एक पूर्ण लाट मागे पडली आणि पुन्हा दोघींचे उंचवटे एकत्र आले. तिथे पहिला लाल पट्टा.

आता त्याच ठिकाणी हिरवी लाट काय करते ते बघा. वाटांमधला फरक तोच, ६५० नॅनोमीटर. तो फटी आणि पडदा कुठे आहेत यावर ठरतो, रंगाशी त्याचा संबंध नाही. पण हिरवीच्या मापाने तो १.२२ लाटा भरतो. म्हणजे हिरवीचं जुळण्याचं ठिकाण मागेच येऊन गेलं, मध्यापासून सव्वाचार मिमीवर, जिथे फरक ५३२ नॅनोमीटर होता.

लेकीला असं सांगा: एकच वाट दोघी चालतायत, एकीची ढांग लांब, दुसरीची आखूड. आखूड ढांगेचं एक पाऊल लवकर पूर्ण होतं, म्हणून तिचा पट्टा मध्याच्या जवळ. लाल "वळतो" असं म्हणूच नये. लाल फक्त लांबवर जाऊन जुळतो.

पानगळ

काजवा, ढांगांचं चित्र फार आवडलं. इतकी वर्षं सूत्र पाठ होतं, आज अर्थ कळला.

सरळसोट

काजव्याच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण पाठिंबा, कारण लेकीच्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे. लोलकाची अर्धी बाजू मी मांडतो.

लोलकात जे होतं ते अपवर्तन. काचेत प्रकाशाचा वेग कमी होतो, आणि किती कमी होतो हे रंगागणिक थोडं वेगळं असतं. साध्या क्राउन काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) लाल रंगासाठी साधारण १.५१ आणि जांभळ्यासाठी १.५३. जांभळा जास्त मंदावतो म्हणून जास्त वळतो. हा काचेचा गुण आहे. काच बदला, उदाहरणार्थ फ्लिंट काच घ्या, की रंग किती फाकतात ते बदललं.

दोन फटींमध्ये कुठलाच पदार्थ मध्ये येत नाही. लाटेची लांबी आणि फटींमधलं अंतर, एवढ्या दोनच मापांचा हिशोब. म्हणून ७०० नॅनोमीटरचा पट्टा ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यापेक्षा बरोबर पावणेदोन पट लांब पडतो, जगात कुठेही.

तेव्हा नियम उलटा झालेला नाही. दोन वेगळ्या कारणांनी रंग वेगळे होतात आणि योगायोगाने त्यांचा क्रम विरुद्ध येतो. म्हणूनच तरंगलांबी थेट मोजायची असेल तर जाळी, म्हणजे हजारो फटींची ग्रेटिंग, सोयीची पडते. लोलक वापरायचा तर आधी माहीत असलेल्या रंगरेषांवरून त्याची मोजपट्टी जुळवून घ्यावी लागते.

चांदणचुरा

सरळसोट, काजवा, दोघांना दंडवत. "दोन वेगळी कारणं" हे वाक्य ऐकल्यावर तिचा चेहरा खुलला. तिने लगेच वहीत दोन रकाने पाडले.

पण एक गोष्ट अजून खटकते. हिरव्या लेझरने पट्टे नुसते जवळ आले नाहीत, संख्येनेही जास्त दिसले. लालमध्ये मधले नऊ पट्टे आणि मग अंधार. हिरव्यात त्या अंधाराच्या पलीकडे बाजूलाही पट्टे दिसत होते. तरंगलांबी कमी झाली की पट्टे वाढतात का?

नऊचापाढा

नाही, वाढत नाहीत! हा या प्रयोगातला माझा सर्वांत आवडता मुद्दा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची प्रत्येक फट स्वतः ०.०५ मिमी रुंद आहे. एकाच फटीतून आलेला प्रकाशही पसरतो आणि ठराविक जागी स्वतःच अंधार करतो. याला विवर्तन म्हणतात. दोन फटींचे बारीक पट्टे या मोठ्या पसाऱ्याच्या आत बसतात. पसाऱ्याचा पहिला अंधार तुमच्या मांडणीत लालसाठी मध्यापासून २६ मिमीवर येतो. २६ भागिले ५.२ म्हणजे ५. म्हणजे पाचवा पट्टा नेमका तिथे यायला हवा होता जिथे दोन्ही फटींकडून काहीच प्रकाश पोचत नाही. तो गायब! उरले मध्यावरचा एक आणि दोन्ही बाजूंना चार-चार. एकूण नऊ.

आता हिरव्याचं करा. पसाऱ्याचा अंधार साधारण २१.३ मिमीवर, पट्टे ४.२६ मिमीवर. भागाकार पुन्हा ५. पुन्हा नऊच!

कारण उघड आहे. बारीक पट्टे तरंगलांबीच्या प्रमाणात आकसतात आणि मोठा पसाराही त्याच प्रमाणात आकसतो, म्हणून भागाकारातून तरंगलांबी निघूनच जाते. पट्टे किती हे फटींचं अंतर आणि फटींची रुंदी यांचं गुणोत्तर ठरवतं: ०.२५ भागिले ०.०५. रंगाच्या हातात फक्त चित्राचा आकार आहे. रबरावर काढलेली नक्षी ताणावी किंवा सैल सोडावी, तसं. नक्षीतल्या रेघा त्याने कमी-जास्त होत नाहीत.

निळीशाई

आणि हिरव्यात जास्त दिसले त्याचं कारण डोळा. उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतो. ५३२ त्याच्या अगदी जवळ. ६५० ला मात्र डोळ्याची संवेदना कमाल संवेदनेच्या जेमतेम दहावा हिस्सा उरते. बाजूचे फिके पट्टे लालमध्येही होते, तुमच्या डोळ्यांनी त्यांची दखल घेतली नाही इतकंच. खोलीत पूर्ण काळोख करा, दहा-पंधरा मिनिटं बसा आणि मग बघा.

चांदणचुरा

केलं! काळोखात बसून मोजले. मध्ये नऊ, मग काळी जागा, मग बाजूला लालचेही चार फिके पट्टे! नऊचापाढा, निळीशाई, तुम्हा दोघांचं एकदम बरोबर.

डोंगरवाट

पांढऱ्या प्रकाशाचं कुणीच बोललं नाही? मी विद्यार्थी असताना प्रयोगशाळेत पांढऱ्या दिव्यावर हे पाहिलं आणि ते दृश्य आजही डोळ्यांसमोर आहे.

मध्यभागी एक स्वच्छ पांढरा पट्टा, कारण काजव्याने सांगितल्याप्रमाणे मध्य सगळ्या रंगांचा एकच. त्याच्या कडा मात्र तांबूस-पिवळ्या. जांभळा आणि निळा सर्वांत आधी अंधारात जातात, मग मागे उरतं ते तांबूस. पुढचा पट्टा आतल्या बाजूने निळसर, बाहेरून लाल. त्यापुढे गोंधळ सुरू होतो, कारण तिसऱ्या पट्ट्याचा जांभळा दुसऱ्या पट्ट्याच्या लालच्या आतच येऊन बसतो. हिशोब सोपा आहे: ४०० ची तिप्पट १२००, ७०० ची दुप्पट १४००. असे रंगांवर रंग चढत जातात आणि थोड्याच अंतरावर सगळं पुन्हा पांढुरकं होतं.

एका रंगाच्या प्रकाशात मधला पट्टा कुठला ते ओळखता येत नाही, सगळे जुळे भाऊ. पांढऱ्यात तो एकटाच पांढरा, त्यामुळे चटकन सापडतो. प्रयोगशाळेत मध्य शोधायला आम्ही हीच युक्ती वापरायचो.

बोरूबहाद्दर

सुंदर वर्णन. हे सगळं इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने १८०१ मध्ये दोन फटींतून सूर्यप्रकाश सोडून दाखवलं, याची आठवण करून देतो.

जुनेपान

बोरूबहाद्दर, इथे मला दुरुस्ती करावीशी वाटते. नोव्हेंबर १८०३ मध्ये यंगने रॉयल सोसायटीपुढे जो प्रयोग वाचला त्यात दोन फटी नव्हत्याच. खिडकीच्या झडपेला भोक, त्यावर जाड कागद, कागदाला बारीक सुईने पाडलेलं छिद्र. त्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत त्याने एका इंचाचा तिसावा भाग, म्हणजे साधारण ०.८५ मिमी जाडीची कार्डाची पट्टी धरली. तिरीप दोन्ही बाजूंनी वाटली गेली आणि पट्टीच्या सावलीत पट्टे उमटले. एका बाजूचा प्रकाश अडवला की सावलीतले पट्टे नाहीसे! दोन्ही बाजू लागतात, हे त्याने इतक्या साध्या साधनाने सिद्ध केलं. दोन फटींचं वर्णन १८०७ मध्ये छापलेल्या त्याच्या व्याख्यानांत येतं.

१८०१ चं महत्त्व वेगळं. त्या वर्षीच्या व्याख्यानात त्याने न्यूटनने मोजलेल्या रंगीत वलयांच्या मापांवरून तरंगलांब्या काढल्या. पुढे १८०७ मध्ये त्याने दिलेले आकडे बघा: टोकाचा लाल एका इंचाचा छत्तीस हजारावा भाग, टोकाचा जांभळा साठ हजारावा. नॅनोमीटरमध्ये आणा: लाल सुमारे ७०५, जांभळा सुमारे ४२३. वीज नाही, लेझर नाही, आणि माणूस इथवर पोचला होता. हे आकडे वाचले की मला दरवेळी भरून येतं.

बोरूबहाद्दर

मान्य, माझी चूक झाली. कार्डाच्या पट्टीचं माहीत नव्हतं. मनापासून आभार.

तडितमेघ

मला वाटतं कारण आणखी सोपं आहे. लाल प्रकाशाची ऊर्जा कमी, त्यामुळे तो सरळ जाऊ शकत नाही आणि पसरतो. निळ्याची ऊर्जा जास्त, तो नेटाने सरळ जातो.

काजवा

तडितमेघ, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते टिकत नाही. पट्ट्यांचं अंतर ठरवताना ऊर्जा कुठेच येत नाही. ध्वनी घ्या. ३४० हर्ट्झचा सूर हवेत साधारण एक मीटर लांबीचा, ३४०० चा दहा सेंटिमीटरचा. दोन स्पीकरवर एकच सूर लावा आणि मोकळ्या मैदानात त्यांच्यासमोर आडवे चालत जा. जोरात, हळू, जोरात, हळू असं ऐकू येईल. जाड सुरात त्या जागा लांब-लांब, बारीक सुरात जवळ-जवळ. आवाज वाढवा, म्हणजे ऊर्जा वाढवा. जागा तसूभरही हलणार नाहीत.

तडितमेघ

आवाज वाढवणं म्हणजे लाटेची उंची वाढवणं. मी एका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाच्या, ऊर्जेबद्दल बोलतोय. तिथे ऊर्जा आणि तरंगलांबी बांधलेली आहे.

नऊचापाढा

रास्त हरकत. मग इलेक्ट्रॉन घेऊ. क्लाउस यॉन्सनने १९६१ मध्ये तांब्याच्या पातळ पत्र्यातल्या सूक्ष्म फटींतून इलेक्ट्रॉन सोडून असेच पट्टे मिळवले. ५० हजार व्होल्टने वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी साधारण ०.००५४ नॅनोमीटर भरते. त्याची ऊर्जा ५० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तेवढ्याच तरंगलांबीच्या फोटॉनची ऊर्जा मात्र सुमारे २ लाख ३० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे साडेचार पटींहून जास्त. तरी त्याच फटींमागे, त्याच पडद्यावर दोघांचे पट्टे सारख्याच अंतरावर पडायला हवेत, कारण तरंगलांबी सारखी आहे. ऊर्जा वेगळी, पट्टे तेच. इथे तुमची कल्पना अडते.

तडितमेघ

हे पटलं. फोटॉनच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे कुठली कारण आहे ते मला दिसत नव्हतं. धन्यवाद.

पानगळ

इलेक्ट्रॉनचा विषय निघालाच आहे तर विचारते. एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडला तरी पट्टे येतात, हे खरं का?

नऊचापाढा

खरं. आकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ते टिपलं: आधी विखुरलेले ठिपके, मग हजारो ठिपके जमले की त्यातून पट्टे. त्याहून मोठं म्हणजे १९९९ मध्ये व्हिएन्नात कार्बनच्या साठ अणूंच्या रेणूंनीही व्यतिकरण दाखवलं. त्यांची तरंगलांबी फक्त २.५ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) होती, म्हणून जाळीही १०० नॅनोमीटर इतकी बारीक लागली. सूत्र तेच, तरंगलांबी इवलीशी, त्यामुळे फटी तितक्याच जवळ आणाव्या लागतात. "एकटा कण कुठल्या फटीतून गेला" यावर मात्र वेगळा धागा हवा, नाहीतर चांदणचुरांच्या लेकीचा प्रश्न बाजूला राहील.

निळीशाई

एक कळकळीची सूचना. लेझर डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नका आणि चकचकीत वस्तू वाटेत येऊ देऊ नका. हिरव्या लेझर पॉइंटरबाबत विशेष जपा. त्यांतल्या बहुतेकांत १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश आधी तयार होतो आणि त्यातून ५३२ चा हिरवा काढतात. आत गाळणी नसेल तर अवरक्तही बाहेर येतो. तो दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. मुलं शेजारी उभी असताना हे विसरू नका.

चांदणचुरा

निळीशाई, लगेच मांडणी कमरेच्या उंचीवर आणली. आभार.

आता लेकीचा पुढचा प्रश्न. तिने कुठेतरी वाचलं की पाण्यात प्रकाशाची तरंगलांबी कमी होते. ६५० भागिले पाण्याचा अपवर्तनांक १.३३ म्हणजे ४८९. ती म्हणते, "हवेत ४८९ नॅनोमीटर म्हणजे निळा. मग पाण्याखाली लाल लेझर निळा दिसायला हवा. दिसत तर नाही!"

एकरेघी

काय विचार करते हो पोरगी! माझी पहिली प्रतिक्रिया तुटक होती, त्याची भरपाई करतो.

रंग ठरतो वारंवारितेवरून, म्हणजे एका सेकंदात किती लाटा येतात त्यावरून. पाण्यात शिरताना वेग कमी होतो, लाटा दाटीने चालायला लागतात, पण सेकंदाला जितक्या आत शिरतात तितक्याच पुढे जातात. वारंवारिता तीच राहते. म्हणून लाल तो लालच. शिवाय डोळ्याच्या आतही पाण्यासारखाच द्रव असतो. पडद्यावरून आलेला प्रकाश शेवटी त्यातूनच दृष्टिपटलावर पोचतो. तिथे तरंगलांबी आखूड होते ती रोजच, हवेतून पाहिलं तरी.

पण पट्टे मात्र तरंगलांबीवर ठरतात! तेव्हा पाण्यात लाल पट्टे लालच राहतील आणि जवळ येतील, पाऊणपट अंतरावर. हे घरी करून पाहता येईल. लांब काचेची टाकी घ्या. फटींची काचपट्टी एका टोकाच्या भिंतीला बाहेरून चिकटवा, पडदा समोरच्या भिंतीला आतून लावा. आधी रिकाम्या टाकीत मोजा, मग पाणी भरून.

सरळसोट

फटी बाहेर आणि पाणी आत, चालेल का? मला शंका आली होती, पण कागदावर काढून पाहिलं. वाटांमधला फरक पाण्यातच तयार होतो, आणि इतक्या लहान कोनांसाठी काचेच्या भिंतीचा हिशोबावर परिणाम होत नाही. चालेल.

चांदणचुरा

मंडळी, झालं! माशांची रिकामी टाकी मिळाली, फटींपासून पडद्यापर्यंत ६० सेंटिमीटर. पट्टे बारीक झाले म्हणून पडद्याला मोजपट्टी चिकटवून फोटो काढला आणि फोटोवरून मोजलं.

हवेत आठ अंतरं : १२.५ मिमी.
पाण्यात आठ अंतरं : ९.४ मिमी.

भागाकार १.३३! आणि पट्टे दोन्हीकडे तसेच लाल. पाणी वर चढत होतं तेव्हा तर खालचा भाग पाण्यात आणि वरचा हवेत. खाली पट्टे दाट, वर विरळ, आणि मध्ये पाण्याची रेघ. लेक टाकीला नाक लावून बघत राहिली. मी मोजायचं विसरून तिच्याकडेच बघत होतो.

आता ती म्हणते, पाण्यात मीठ विरघळवून पाहू.

नऊचापाढा

जरूर करा. मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं तर अपवर्तनांक १.३८ च्या जवळ जातो. आठ अंतरं ९.४ वरून ९.१ मिमीच्या आसपास यायला हवीत. फरक फक्त ०.३ मिमी, म्हणून फोटो अगदी समोरून, कॅमेरा हातात न धरता काढा. मीठ ढवळून पूर्ण एकजीव होऊ द्या, नाहीतर खालचं पाणी जड राहील आणि किरण वाकेल.

काजवा

आणि हिरव्या लेझरनेही मोजा. पाण्यात आठ अंतरं साधारण ७.७ मिमी यावीत. आकडे इथेच टाका, वाट बघतोय.